आयसीयूत प्रोब हातात देण्याआधी: बेडसाइड सोनोग्राफी आम्ही कशी शिकवतो

गेल्या उन्हाळ्यात जतकडचे एक आजोबा दम लागून आमच्याकडे आले. रेसिडेंटनं मशीन ढकलत आणलं, छातीवर जेल ओतलं, तसे आजोबा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाले, "सोनोग्राफी? मी काय पोटुशी हाय व्हय?" सिस्टर हसल्या, वॉर्डबॉय मामा हसले, मीही हसले. मग मी रेसिडेंटला विचारलं, "खरंच, कशासाठी रे?" तो म्हणाला, "बघू या मॅडम, काय दिसतंय ते."

या उत्तरावर आमच्याकडे प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, परत ठेवावा लागतो. आधी केसपेपरवर प्रश्न लिहायचा, तोही हो-नाहीत उत्तर येईल असा. "दम का लागतोय?" हा प्रश्न मशीनला विचारता येत नाही. "दोन्ही फुफ्फुसांत पाणी आहे का?", "उजव्या बाजूला हवा साठलीय का?", "हृदयाचा डावा कप्पा नीट आकुंचन पावतोय का?" हे विचारता येतात. आजोबांच्या बाबतीत त्यानं पहिला प्रश्न लिहिला आणि चार मिनिटांत उत्तर मिळालं: दोन्हीकडे पुढून-बाजूनं बी-लाइन्सच बी-लाइन्स, म्हणजे फुफ्फुसात पाणी असल्याची खूण. सलाईन थांबलं, लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) आणि बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा) सुरू झालं.

मिरजेत भूल आणि अतिदक्षता या कामात माझी बावीस वर्षं गेली. आमचा आयसीयू १४ खाटांचा. आजूबाजूच्या तालुक्यांतले सहकारी "आम्ही मशीन घेतलंय, मुलांना, म्हणजे रेसिडेंटना, शिकवायचं कसं?" असं विचारत असतात. दरवेळी फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आधी कागद

मशीन निवडण्याआधी कायद्याचं बघा. १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली मशीन कुठं राहणार आणि कोण वापरणार याची नोंदणी समुचित प्राधिकाऱ्याकडे करावी लागते. प्रमाणपत्र आणि "येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही" हा फलक दर्शनी भागात लागतो. खिशात मावणारा, मोबाइलला जोडायचा प्रोब असला तरी कायद्याच्या नजरेत ते सोनोग्राफी मशीनच. शेजारच्या हॉस्पिटलात "दोन तासांसाठी नेतो" हे चालत नाही. नेता येण्याजोगं मशीनसुद्धा नोंदलेल्या जागेतच, तिथल्या दाखल पेशंटसाठी वापरायचं. २०१७ साली बेकायदा गर्भपातांचं म्हैसाळचं प्रकरण उघडकीस आलं ते आमच्याच तालुक्यात. त्यामुळे तपासणीला कुणी आलं की आम्ही कुरकुर करत नाही, रजिस्टर पुढं करतो.

ज्याचं नाव नोंदणीत नाही त्यानं पेशंटवर प्रोब धरायचा नाही, मग तो कितीही हुशार असो. पेशंट गरोदर असेल तर तपासणी छातीची का असेना, आधी आमच्या रेडिओलॉजिस्टना फोन. त्यांच्याशी सुरुवातीलाच बसून बोला. आपण रिपोर्ट देत नाही, एका प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर टिपतो, आणि शंका आली की पेशंट त्यांच्याकडेच जातो, एवढं स्पष्ट झालं की भांडण उरत नाही. उलट आमचे रेडिओलॉजिस्ट आता महिन्यातून एक दुपार मुलांच्या क्लिप्स बघायला देतात.

पहिला आठवडा: बटणं आणि हात

पहिल्या आठवड्यात पेशंट नाहीच. एकमेकांच्या पोटावर, मानेवर, छातीवर. तीन प्रोब ओळखायचे. सरळ तोंडाचा लिनियर उथळ गोष्टींसाठी: रक्तवाहिन्या, फुफ्फुसाची कड. बाकदार कर्व्हिलिनियर पोटासाठी आणि छातीत खोल बघायला. लहान तोंडाचा फेज्ड अ‍ॅरे हृदयासाठी, कारण तो फासळ्यांच्या फटीत बसतो. एकच प्रोब परवडत असेल तर माझं मत कर्व्हिलिनियरला. त्यानं हृदय फार सुबक दिसत नाही, पण छाती, पोट आणि आयव्हीसी (पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) निभावतात.

बटणं तीनच शिकवते: डेप्थ (किती खोल बघायचं), गेन (चित्र किती उजळ), फ्रीझ (चित्र थांबवणं). नवशिक्याचं चित्र बहुतेक वेळा डेप्थमुळे बिघडतं. बघायची गोष्ट पडद्याच्या वरच्या पावभागात चिकटलेली आणि खाली नुसता अंधार, असं दिसलं की डेप्थ कमी करा. गेन वाढवून सगळं पांढरं करणारे काहीजण असतात. त्यांना मी शिरेतलं रक्त दाखवते आणि सांगते, हे काळं दिसायला हवं, राखाडी नाही. प्रिसेटचा, म्हणजे अवयवानुसार मशीनमध्ये आधीच ठरवलेल्या सेटिंगचा, एक सापळा आहे. पोटाच्या प्रिसेटमध्ये प्रोबच्या एका कडेवरच्या मार्करची खूण पडद्याच्या डाव्या बाजूला असते, हृदयाच्या प्रिसेटमध्ये उजव्या. मशीन हृदयावर सोडून कुणी गेलं आणि पुढच्यानं तसंच पोट बघितलं, तर डावं-उजवं उलटं. म्हणून प्रोब टेकवण्याआधी बोटानं त्याच्या एका कडेला टिचकी मारायची आणि पडद्यावर कुठल्या बाजूला हालचाल होते ते बघायचं.

हात मात्र आठवडाभरात बसत नाही. प्रोब पेनसारखा धरायचा, करंगळी आणि तळव्याची कड पेशंटच्या अंगावर टेकलेली. मुठीत धरला की तो घसरतो, आणि घसरला की मूल पडद्याकडे बघत हातभर लांब जातं. हालचाली मोजक्याच: सरकवणं, कलवणं, डोलवणं, जागच्या जागी फिरवणं, दाबणं. एका वेळी एकच करायची. सरकवता सरकवता फिरवलं तर चित्र कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या पेशंटवर तेच चित्र सापडत नाही.

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून एका बॅचला मी सतारमेकरांच्या दुकानात घेऊन गेले. मिरजेत राहून तंबोरा जुळवताना पाहिला नाही असं होऊ नये. कारागीर घोडीवर तारेखालचं सूत केसभर सरकवतो. तार बद्द वाजत असते, सूत थोडं पुढं गेलं की एकदम जवारी उघडते, आणखी थोडं गेलं की परत बंद. त्यानं मनगट हलवलं नव्हतं, फक्त दोन बोटं. एका मुलीनं दुसऱ्या दिवशी फेज्ड अ‍ॅरे धरला आणि आपणहून म्हणाली, "मॅडम, मी सूत सरकवतेय." त्या दिवशी तिला पहिल्यांदा चारही कप्पे एका चित्रात मिळाले.

जेलविषयी: कंजुषी नको, पण बाटलीचं तोंड पेशंटच्या कातडीला लावू नका, आणि पाच लिटरच्या कॅनमधून त्याच बाटल्या पुन्हा पुन्हा भरू नका. दूषित जेलमधून बर्कहोल्डेरियासारख्या जंतूंच्या साथी आयसीयूत पसरल्याच्या नोंदी आहेत. सुई टोचायची असेल तर निर्जंतुक जेलचं पाकीटच. काम झालं की आधी कोरड्या मऊ कापडानं जेल पुसायचं, मग जंतुनाशक वाइप. जेलच्या थरावर वाइप फिरवून उपयोग नसतो. स्पिरिटनं पुष्कळ प्रोबचं रबर तडकतं, म्हणून कंपनीच्या यादीत असेल तेच वापरायचं. आमच्याकडे मशीनच्या कपाटाची किल्ली इनचार्ज सिस्टरकडे असते. प्रोब चिकट परत आला तर पुढच्या वेळी ती किल्ली मिळत नाही. माझ्या व्याख्यानापेक्षा हा उपाय लागू पडला.

फुफ्फुस पहिलं, कारण ते पटकन जमतं

पुष्कळ ठिकाणी हृदयापासून सुरुवात करतात. मी करत नाही. हृदय अवघड आहे, मुलं पंधरा दिवस धडपडतात आणि नाद सोडतात. फुफ्फुस दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं.

हे शास्त्र फार जुनं नाही. फुफ्फुसात हवा, हवेतून ध्वनिलहरी जात नाहीत, मग बघणार काय, असंच आम्हाला शिकवलं होतं. पॅरिसचे डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी त्या हवेमुळे उमटणाऱ्या खोट्या रेषांनाच भाषा दिली. दम लागलेल्या पेशंटची फुफ्फुसं बघण्याचा त्यांचा ब्लू प्रोटोकॉल २००८ साली छापून आला.

उताण्या पेशंटला वरच्या फासळ्यांच्या मधे, गळ्याच्या हाडाच्या मध्यावरून खाली, प्रोब उभा आणि मार्कर डोक्याकडे. दोन फासळ्या, त्यांच्या दोन काळ्या सावल्या, आणि मधे फासळीच्या पातळीखाली अर्धाएक सेंटिमीटरवर एक चकचकीत आडवी रेष. ती प्लुरा, म्हणजे फुफ्फुसावरचं आवरण. फासळ्या दिसल्याशिवाय रेषेवर विश्वास ठेवायचा नाही, कारण स्नायूंच्या पडद्याची रेषही तशीच चमकते.

आता ती रेष श्वासाबरोबर सरकते का ते बघायचं. कृष्णेच्या घाटावर शेवटच्या ओल्या पायरीवर पाण्याची कड कशी सारखी पुढं-मागं होत असते, तसं. इथं मी एक प्रयोग करून घेते आणि तो कुणीही चुकवू नये. ज्याच्या छातीवर प्रोब आहे त्या मुलाला श्वास रोखायला सांगते. रेष थांबते. "काय झालं याला? न्यूमोथोरॅक्स?" (म्हणजे छातीत फुफ्फुसाबाहेर हवा साठणं.) सगळे हसतात, पण मुद्दा कायमचा बसतो. रेष सरकतेय म्हणजे त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही, हे खात्रीनं सांगता येतं. सरकत नाही याचा अर्थ मात्र न्यूमोथोरॅक्सच असा नव्हे. व्हेंटिलेटरची नळी उजव्या ब्रॉंकसमध्ये (एकाच फुफ्फुसाच्या वाटेत) गेली असेल, प्लुरा चिकटलेला असेल, फुफ्फुस एआरडीएसनं (फुफ्फुसांच्या गंभीर सुजेनं) दगड झालेलं असेल. मग त्याच मुलाच्या डाव्या छातीवर नीट बघायला लावते. श्वास रोखलेला असूनही रेष हृदयाच्या ठोक्याबरोबर बारीक थरथरते. ती थरथर दिसली तर फुफ्फुस छातीला टेकलेलं आहे. सरकणारं आणि न सरकणारं यांची हद्द, म्हणजे लंग पॉइंट, डोळ्यांनी सापडला तरच न्यूमोथोरॅक्स पक्का. पेशंट कोसळत असेल तर तो शोधत बसायचं नाही, हे वेगळं सांगावं लागतं. मुलं लंग पॉइंट शोधण्यात रमतात.

एम-मोडमध्ये (एका ओळीवरची हालचाल वेळेबरोबर दाखवणारं चित्र) सरकणाऱ्या फुफ्फुसाचा किनारा आणि न सरकणाऱ्याचा बारकोड मी उशिरा दाखवते. आधी दाखवला की डोळे रेषेवरून उडतात.

बी-लाइन प्लुरापासून निघते, पडद्याच्या तळापर्यंत न विझता जाते, वाटेतल्या ए-लाइन्स, म्हणजे हवेमुळे उमटणाऱ्या आडव्या रेषा, पुसते आणि रेषेबरोबर हलते. यातली एक जरी अट नसली तरी तिला बी-लाइन म्हणायचं नाही. एका फटीत तीन किंवा जास्त असल्या तर दखल घ्यायची. दोन्हीकडे सारख्या आणि प्लुराची रेष गुळगुळीत, तर हृदयाकडे वळा. ठिगळांसारख्या आणि रेष खडबडीत, तर न्यूमोनिया किंवा एआरडीएस. चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर मशीनमध्ये असतात; फुफ्फुस बघताना ते बंद करा, नाहीतर याच रेषा पुसल्या जातात.

छातीत पाणी शोधताना एक नियम: डायफ्रॅम (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) दिसल्याशिवाय सुई नाही. आमच्या एका मुलानं डावीकडे काळसर काही बघून "मॅडम, भरपूर पाणी" म्हणून टॅपिंगचा ट्रे मागवला. मी प्रोब एक फासळी वर नेला. त्याचं पाणी म्हणजे प्लीहा होती. गेन इतका कमी ठेवला होता की प्लीहाही काळी दिसत होती.

आणि सगळं प्रोबनं बघायचं नसतं. द्राक्षबागेतलं औषध पोटात घेतलेला पेशंट आला की अ‍ॅट्रोपिन किती द्यायचं ते अजूनही छातीला लावलेला स्टेथोस्कोप, नाडी आणि बीपी सांगतात.

सुई: अगरचा डबा

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) सोनोग्राफीखाली घालायला शिकवताना पहिली पन्नास टोचणी पेशंटला नकोत. बाजारात मिळणारी मॉडेल्स महाग आहेत. आमची कृती अशी: एक लिटर पाणी, त्यात ३० ग्रॅम अगर, म्हणजे चायना ग्रास, आणि दोन मोठे चमचे इसबगोल. इसबगोलामुळे पडद्यावर मांसासारखा राखाडी रवाळपणा येतो. नुसतं अगर काळंभोर दिसतं. चांगलं उकळून अगर पूर्ण विरघळू द्यायचं. मग जेवणाच्या स्टीलच्या डब्यात निम्मं ओतून थोडं घट्ट होऊ द्यायचं. त्यावर दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या: पाणी भरून गाठ मारलेला लांब फुगा ही शीर, आणि जाड भिंतीची, दोन्ही टोकं बंद केलेली, पाणी भरलेली रबरी नळी ही धमनी. फुग्यातल्या पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं की सुई बरोबर गेल्यावर सिरिंजमध्ये लाल येतं. मुलांना याचा फार आनंद होतो. फुग्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, त्याची पांढरी सावली सगळं चित्र खाते. वरून उरलेलं मिश्रण ओता आणि डबा फ्रिजमध्ये.

द्राक्षाच्या हंगामात एका डब्यात तासगावची द्राक्षं पुरते. वेगवेगळ्या खोलीवर सहा द्राक्षं, सुईचं टोक द्राक्षाच्या मधोमध न्यायचं. डबा उघडून कुणाची सुई कुठं गेली ते कापून बघता येतं. उरलेली द्राक्षं ड्युटीवरचे खातात.

आडव्या छेदात पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसतो आणि मूल म्हणतं, "मॅडम, टोक." ते टोक नसतं, दांडा असतो, टोक केव्हाच शिरेच्या पलीकडे गेलेलं असतं. उपाय: ठिपका दिसला की सुई थांबवायची, प्रोब पुढं सरकवायचा ठिपका नाहीसा होईपर्यंत, मग सुई इतकीच पुढं की ठिपका परत उमटेल. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई. मुंगीच्या पावलानं. दहा डबे खराब केल्यावर हे हाताला कळतं. डब्यात सुयांच्या वाटा पांढऱ्या रेघा होऊन राहिल्या की फुगे काढून घ्यायचे, मिश्रण पुन्हा उकळायचं आणि पुन्हा ओतायचं. तीन-चार वेळा चालतं.

पेशंटवर मानेत सुई घालण्याआधी प्रोबनं हलकं दाबून बघायचं. शीर मिटते, धमनी मिटत नाही आणि ठोके देते. सुईतून वायर गेल्यावर, वाट रुंद करणारा डायलेटर घालण्याआधी ती वायर शिरेच्या आत आहे हे दोन छेदांत बघायचं. ही एक पायरी घाईत गाळणाऱ्याला मी पुढची लाइन महिनाभर देत नाही.

हृदय, थोडक्यात

हृदयाचे चार प्रश्न पुरेत. भोवती पाणी आहे का? डावा कप्पा चांगला, मध्यम की वाईट चालतोय? उजवा कप्पा फुगलाय का? झडपेवर डोळ्यात भरण्यासारखं काही आहे का? इएफचे, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा किती रक्त बाहेर ढकलतो याचे, टक्के सांगायचे नाहीत. "इएफ ४२ टक्के" असं रेसिडेंट म्हणाला की मी विचारते, ४३ का नाही? चार कप्प्यांच्या चित्रात उजवा कप्पा डाव्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा मोठा वाटला तर तो मोठा. उरोस्थीशेजारच्या लांब छेदात पाणी दिसलं तर खाली उतरणारी महाधमनी शोधा: तिच्या पुढं येतं ते हृदयावरणातलं, मागं राहतं ते छातीतलं. फक्त पुढच्या बाजूला काळी पट्टी असेल तर बहुधा चरबी.

अरेस्टच्या, म्हणजे हृदय थांबल्याच्या, वेळी नियम कडक आहेत. नाडी तपासायच्या १० सेकंदांतच प्रोब. छाती दाबणं चालू असतानाच उरोस्थीखाली जागा धरून ठेवायची, थांबताच क्लिप नोंदवायची आणि दाबणं पुन्हा सुरू झाल्यावर ती क्लिप बघायची. एक सिस्टर मोठ्यानं आकडे मोजते, आणि दहाला प्रोबवाल्याचा हात अंगावरून उठलाच पाहिजे. प्रोबमुळे सीपीआरमधला खंड लांबतो हे अभ्यासांत दिसलंय आणि आमच्या आयसीयूतही दिसलं. म्हणून नवशिक्याला अरेस्टमध्ये प्रोब नाही.

आयव्हीसी शेवटी

ही शिकवायला सोपी आणि वापरायला धोक्याची, म्हणून सगळ्यात शेवटी ठेवते. याला कारण माझाच किस्सा आहे. मशीन नवीन होतं तेव्हाची गोष्ट. तिशीतला ऊसतोड मजूर, चार दिवसांचा ताप, बीपी ७०. मी ऐटीत प्रोब लावला. जाड, भरलेली, श्वासाबरोबर अजिबात न मिटणारी नळी. "आयव्हीसी फुल, पाणी हात आखडून," असं लिहिलं आणि बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन चढवत गेले. दोन तासांनी माझे ज्येष्ठ सहकारी आले, प्रोब माझ्याच हाताखाली ठेवून म्हणाले, "ही हृदयात कुठं शिरते ते दाखव." ती शिरत नव्हती, कारण ती महाधमनी होती. खरी आयव्हीसी दोन बोटं उजवीकडे दोऱ्यासारखी मिटून पडली होती. पेशंट नवव्या दिवशी घरी गेला. पण त्या दोन तासांत त्याची लघवी थांबली होती, आणि ती माझ्यामुळे.

तेव्हापासून आयव्हीसीची क्लिप उजव्या कर्णिकेत शिरतानाची असली तरच मोजते. शेजारी यकृताची शीर येऊन मिळताना दिसली तर उत्तमच. मोजायचं कर्णिकेपासून सुमारे २ सेंटिमीटरवर. स्वतः श्वास घेणाऱ्या पेशंटमध्ये २.१ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि नाकानं झटकन श्वास घेतल्यावर निम्म्याहून जास्त मिटणारी असेल तर उजवीकडचा दाब कमी. याहून जाड आणि निम्मीही न मिटणारी असेल तर जास्त. व्हेंटिलेटरवर हे गणित उलटं चालतं, तिथं श्वासाबरोबर ती फुगते. पोट ताठ असेल किंवा उजवं हृदय थकलेलं असेल तर आकडा काढूच नका.

आणि आकडा खरा आला तरी तो एकटा काही सांगत नाही. सांगलीकराला हे समजावणं सोपं आहे. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी ३५ फूट असं कुणी सांगितलं तर आपण लगेच घर हलवत नाही. चढतंय की उतरतंय, कोयनेतून किती सोडलंय, वर पाऊस आहे का, हे विचारतो. चढतं असेल तर ४० फुटांच्या इशाऱ्याआधीच सामान माळ्यावर जातं, उतरतं असेल तर चहा होतो. आयव्हीसीचंही तसंच. २५० मिलिलिटर दिल्यावर काय झालं, बी-लाइन्स वाढल्या का, लघवी किती, पाय गरम की गार. हे चारही लिहिल्याशिवाय आयव्हीसीचा आकडा केसपेपरवर चढत नाही.

रजिस्टर आणि परीक्षा

अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५०, तज्ज्ञांनी तपासलेले स्कॅन लागतात. "तपासलेले" हा शब्द मुलं वाचत नाहीत. चुकीच्या पद्धतीनं केलेले पन्नास म्हणजे पन्नासदा पक्की केलेली चूक. म्हणून आमच्या लांब रजिस्टरमध्ये रकाने असे: तारीख, इनडोअर नंबर, प्रश्न, कुठून बघितलं, उत्तर, उपचारात काय बदललं, आणि माझी किंवा माझ्या सहकाऱ्याची सही. क्लिप्स मशीनमध्ये इनडोअर नंबरावर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेशंटचं नाव दिसणारी क्लिप टाकणाऱ्यानं ड्युटीला समोसे आणायचे असा दंड आहे. दुसऱ्यांदा झालं तर समोश्यांवर भागत नाही.

उत्तराच्या रकान्यात तीन शिक्के चालतात: हो, नाही, दिसलं नाही. हा तिसरा शिक्का मिळवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मुलांना वाटतं "दिसलं नाही" म्हणजे आपण नापास. मग धूसर चित्रातून "नाही" काढतात. "पाणी नाही" आणि "पाणी आहे की नाही ते दिसलं नाही" यांच्यामध्ये एक पेशंट मरू शकतो. लठ्ठ पेशंट, छातीवर ड्रेसिंग, कातडीखाली हवा, व्हेंटिलेटरवर फुगलेलं फुफ्फुस: इथं खिडकीच मिळत नाही. तिमाहीच्या शेवटी मी रजिस्टर चाळते आणि ज्याच्या नावापुढं एकदाही "दिसलं नाही" नसतं, त्याला बोलावून त्याच्या सगळ्या क्लिप्स परत बघते. बहुतेक वेळा त्यात तीन-चार सापडतात.

"काय बदललं" हा रकाना सलग रिकामा राहिला तर ते मूल विनाकारण प्रोब लावतंय. "काही बदललं नाही, पण सलाईन थांबवायचं नाही हे नक्की झालं" असं लिहिलेलं चालतं. रिकामं चालत नाही.

सहा महिन्यांनी परीक्षा. लेखी नाही. तीन पेशंट, प्रत्येकी पाच मिनिटं, मी पायथ्याशी उभी. प्रश्न त्यांनीच काढायचा. तिसरा पेशंट मी मुद्दाम असा निवडते की ज्याचं हृदय कुठल्याच बाजूनं दिसत नाही. गेल्या बॅचमधला एकजण पाच मिनिटं घाम गाळत तीन जागा फिरला, उरोस्थीखालूनही बघून झालं, जेल पुसलं, प्रोब जागेवर लावला आणि म्हणाला, "मॅडम, दिसत नाही. कार्डिओलॉजिस्टकडून इको मागवतो." मी सही केली, आणि सिस्टरना कपाटाची दुसरी किल्ली त्याला द्यायला सांगितली.